माझ्या अंगावरचा चौथा रकाना

मित्रांनो, मी एक जुना, तीन घड्यांचा पांढरा पुठ्ठा आहे. अमेरिकेतल्या नेपरव्हिल गावच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये, बर्फाच्या फावड्यामागे माझा मुक्काम. कडा मऊ पडल्यात, अंगावर चहाचा डाग आहे. तरी मी ताठ उभा असतो. का, ते ऐका.

२००४ च्या हिवाळ्यात सहावीतल्या स्वानंदीने मला दुकानातून आणलं. शाळेच्या प्रदर्शनात तिला दाखवायचं होतं, की प्राचीन काळी राज्य पुरुषांचंच असलं, तरी बाईची जागा सगळीकडे सारखी नव्हती. तिने माझ्यावर तीन रकाने आखले. इजिप्तमध्ये बाईच्या नावावर जमीन असे, न्यायालयात ती स्वतः उभी राही. बॅबिलॉनमध्ये काही जणी व्यापार करत, पण कायदा नवऱ्याकडे झुकलेला. अथेन्समध्ये मात्र बाईचे मोठे व्यवहार वडील, नाहीतर नवरा बघे.

आणि मग तिने आईचा फोटो अथेन्सखाली चिकटवला!

तिची आई आसावरी इथे येण्याआधी नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवायची. तिच्या हातातला चहा माझ्यावर हिंदकळला.

"मला अथेन्समध्ये टाकलंस होय गं?"

"बट आई, तू बाबांच्या व्हिसावर आहेस ना. यू कान्ट वर्क!"

"काढ तो फोटो," बाबा म्हणाले. "शाळेत कशाला शोभा?"

आईने माझ्यावरचा चहा पुसला. "काढ, पण फेकू नकोस. एकेक हक्क वेगळा तपासायचा असतो, बाळा. हे घर दोघांच्या नावावर आहे. गाडी मी चालवते, सही माझी मी करते. मला माझा रकाना दे."

स्वानंदीने चौथा रकाना आखला, प्रत्येक हक्काला एक चौकोन केला आणि खुणा केल्या. "अँड जॉब?"

"तो चौकोन रिकामा ठेव. खोटी खूण करायची नाही."

प्रदर्शनात स्वानंदीच्या वर्गाच्या बाई सगळ्यात जास्त वेळ त्या रिकाम्या चौकोनापाशी थांबल्या. केवढा फुगलो होतो मी!

पुढे माझे दिवस फिरले. मराठी मंडळाच्या दिवाळीत माझ्या पाठीवर 'चपला इथे काढा' लिहिलं गेलं. एकदा तर बाबांनी मला रद्दीत काढलं. आईने परत आणलं. "अहो, माझा चौकोन आहे त्यात!"

२००७ च्या शरदात आईचं कामाच्या परवानगीचं कार्ड आलं. स्वानंदी मार्कर घेऊन खाली धावली. आई म्हणाली, "थांब. कार्ड म्हणजे नोकरी नव्हे."

जानेवारीत एका संध्याकाळी आई कॉलेजातून थेट बेसमेंटमध्ये उतरली. बुटांना बर्फ तसाच. इथल्या मुलांना इतिहासाचा पहिला तास शिकवून आली होती. तिने मला उलगडलं आणि त्या चौकोनात हिरवी खूण केली. मागे जिन्यावर उभे राहून बाबांनी टाळी वाजवली.

मित्रांनो, जुना पुठ्ठा टाकण्याआधी एकदा उलगडून बघा. त्यावर एखादा चौकोन कुणीतरी खोटं न लिहिता, धीराने रिकामा ठेवलेला असेल. माझा तर आता भरलाय.