पालथं पाकीट

पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीत बसून मी एकतीस वर्षं रिपोर्ट वाटले. आमच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, रिपोर्ट लिफाफ्यात घालायचा, लिफाफा पालथा धरायचा आणि ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा. अर्ध्या इंदूरच्या पोटातलं मला ठाऊक होतं. माझे यजमान वासुदेव, त्यांनाही त्यातलं अक्षर कधी कळलं नाही.

आणि माझी गोष्ट एकशे चाळीस लोकांना एका फोटोत कळली.

डिसेंबरात कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला. ऑपरेशन नीट पार पडलं. लपवायचं होतं ते फक्त आमच्या मुलीपासून, ऋजुतापासून. ती बंगळुरूला, तेव्हा सहावा महिना, बीपीमुळे डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केलेली. बाळ झालं की तिच्या शेजारी बसून मी स्वतः सांगणार होते. तोवर व्हिडिओ कॉलला शाल पांघरून बसायचे. "आई, इंदूरला अजून इतकी थंडी आहे?" ती विचारायची. मी आहे म्हणायचे.

फेब्रुवारी संपत आला तशी शाल शोभेना. ब्लाउजच्या आत एका बाजूला बसवायचा सिलिकॉनचा उंचवटा मिळतो, तो मी ऑनलाइन मागवला. दुकानात गेले असते, पण खजराना ते राजवाडा कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. 'पाकिटावर मालाचं नाव नसेल' ही ओळ मी चष्मा पुसून दोनदा वाचली, मगच ऑर्डर दिली.

पाकीट आलं तेव्हा मी तपासणीला गेले होते. चौकीदाराने ते गेटच्या फळीवर ठेवलं. आमचे सेक्रेटरी प्रतापराव शितोळे रोज त्या फळीवरच्या पाकिटांचे फोटो काढतात आणि 'किसका है?' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. दिवाळीत कोणाचा तरी मिक्सर हरवला, तेव्हापासूनची ही पद्धत. त्यांनी ती सुचवली तेव्हा सगळ्यांनी अंगठे दाखवले. एक अंगठा माझाही होता, हे आठवलं की अजून माझाच राग येतो मला.

पाकीट साधंच होतं. दुकानदाराने शब्द पाळला आणि वर पारदर्शक पिशवीत बिल चिकटवलं. माझं नाव, फ्लॅट, मोबाइल, आणि खाली 'ब्रेस्ट प्रॉस्थेसिस, लेफ्ट'. मी दुकानाला फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, पैकिंग तो प्लेन ही थी, बिल बाहर लगाने का हमारा सिस्टम है." अशा सिस्टमला चुलीत घाला.

फ्लॅट ऋजुताच्या नावावर आहे, म्हणून तीही ग्रुपात आहे. ते मी साफ विसरले होते.

तिचा फोन आला. रडत नव्हती. फक्त एवढंच म्हणाली, "आई, लेफ्ट म्हणजे काय?"

संध्याकाळपर्यंत तिचं बीपी इतकं चढलं की तिला ॲडमिट केलं. बाळाचे ठोके ठीक आहेत, असं जावई, अनीश, दर दोन तासांनी कळवत होता. इकडे कोणी खजरानाच्या गणपतीचा प्रसाद आणून माझ्या छातीकडे बघत होतं, तर कोणी अनोळखी माणूस फोन करून कॅन्सरवरचा काढा विकत होता. माझा नंबर कुठून कुठे गेला, देव जाणे.

प्रतापराव जिन्यात भेटले. "वहिनीजी, मी तर सेवा म्हणून टाकला होता. बाद में डिलीट पण केला ना. आणि सगळे आपलेच लोक आहेत."

"डिलीट करायचंच तर ऋजुताच्या डोक्यातून करा," मी म्हटलं. "आणि आपलं कोण, ते मी ठरवणार होते."

"तुम्ही खूपच माइंड करून राहिल्या," असं म्हणून ते वर गेले.

तीन दिवसांनी ऋजुता दवाखान्यातून तिच्या घरी गेली. त्याच दुपारी मी भाजी घेऊन गेटमधून आत येत होते. फळीवर एकच पाकीट होतं. वर बिल, बिलावर प्रतापरावांचं नाव. खालची ओळ मी वाचली. न वाचण्याइतकी थोर मी नाही. हात आपसूक फोनकडे गेला, ग्रुप उघडला, कॅमेरा लावला. 'किसका है?' एवढंच लिहायचं बाकी होतं. खोटं कशाला सांगू, मला ते लिहायचं होतं.

मग लॅबची खिडकी आठवली. फोन पिशवीत टाकला, पाकीट पालथं केलं आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. दार त्यांनीच उघडलं. मागे त्यांच्या सूनबाई आणि दोन पाहुणे चहा पीत बसले होते. मी पाकीट तसंच पालथं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटून पाहिलं, आणि झटकन छातीशी धरलं, बिलाची बाजू आत करून.

"वाचलं का तुम्ही?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"वाचलं."

"ग्रुपवर...?"

काय होतं त्या पाकिटात, ते मी वासुदेवांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

"आत्ता जसं धरलंय ना प्रतापराव," मी म्हटलं, "तसंच माझंही धरायचं होतं."