यू-टर्नला मनाई

मास्तरांना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी त्यांची स्कूटर रोज संध्याकाळी घरी येते, असं आईचं म्हणणं. रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने येते, चौकात यू-टर्न घेते आणि खाली फाटकाशी येऊन बंद होते. मग आई दोन कप चहा ओतायची, आपला प्यायची आणि समोरचा निवू द्यायची. मास्तरांच्या मुलाने आधी चेष्टा केली, मग कानाडोळा केला. त्या चहाच्या जोरावरच ती बाकीचा दिवस ढकलते, हे त्याला दिसत होतं.

तो रस्ते खात्यात पाट्या लावायचा. नेमका त्याच चौकाचा हुकूम त्याच्या हाती आला. वळणाऱ्या मोटारीखाली शाळेतली एक मुलगी सापडली होती, तिचा पाय गेला होता. आता तिथे यू-टर्न बंद. त्याने भर दुपारी दुभाजकावर खांब उभा केला, गोल पाटी चढवली, पान्याने नट आवळले. लाल कडा, मागे वळलेला काळा बाण, त्यावर तिरकी लाल रेघ. पाटी छान सरळ बसली म्हणून स्वारी खुशीत घरी आली.

त्या संध्याकाळी आईबरोबर त्यालाही स्कूटर ऐकू आली. अंगावर सर्रकन काटा आला. बाबांच्याच स्कूटरची ती धाप, जन्मभर ऐकलेली. चौकाशी ती मंदावली, इंडिकेटर पीं पीं करू लागला. मग पीं पीं थांबली आणि स्कूटर सरळ निघून गेली. पुढचं वळण थेट पुलापलीकडे होतं. पुलावर गेलेला आवाज परत आला नाही.

"तू लावलीस ना ती पाटी?" आईने विचारलं. आवाजात राग नव्हता.

मास्तरांनी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली. रस्ता रिकामा असला तरी लाल दिव्याला थांबायचे, आणि मागच्याने हॉर्न वाजवला तर त्यालाच दोन शब्द सुनवायचे. मेल्यावर तरी माणसाने थोडं सैल सोडावं की नाही? पण नाव नको. रोज स्कूटर यायची, चौकात घुटमळायची आणि पुढे जायची. आईने चहा सोडला, मग जेवणावरची वासना उडाली. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. बाप गेलाच होता, आता आईही हातची चालली होती.

पाटी काढावी तर ती मुलगी डोळ्यांसमोर यायची. शेवटी त्याने डोकं लढवलं. पत्र्याच्या पट्टीवर 'दुचाकी वगळून' असं रंगवलं आणि ऑफिसात कुणाला पत्ता लागू न देता ती पाटीखाली बसवली. संध्याकाळी दोघं खिडकीत श्वास रोखून उभी राहिली. स्कूटर आली, खांबाजवळ थांबली. कुणीतरी मान वर करून वाचावं इतका वेळ थांबली. मग सरळ गेली.

"तुझं अक्षर ओळखलं असणार त्यांनी," आई म्हणाली. "खात्याचा हुकूम नसताना ते वळतील होय?" कित्येक दिवसांनी ती हसली. त्या हसण्याचीच त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो पट्टी काढायला शिडीवर चढला होता. तिथून त्याला आई दिसली. ठेवणीतली शाल पांघरून ती रस्त्याच्या पलीकडे, बसथांब्याच्या बाकाशी उभी होती. त्याने ओरडून विचारलं, इकडे कशाला आलीस, घरी जा, मी येतोच.

"त्यांना वळता येत नाही रे," ती म्हणाली. "मला रस्ता ओलांडता येतो की."

तो शिडीवरून उतरेपर्यंत सिग्नल सुटला आणि मध्ये गाड्यांची रांग लागली. त्या गलबल्यातही स्कूटर त्याला स्पष्ट ऐकू आली. ती आली, थांबली. पुन्हा निघाली तेव्हा तिचा आवाज जड झाला होता, मागे माणूस बसल्यावर होतो तसा.

गाड्यांमधून वाट काढत तो पोहोचला तेव्हा आई बाकावर टेकून बसली होती. त्याने तिचा हात घट्ट धरला. हात अजून गरम होता, पण ती पुलावर पोहोचली होती.