दूध-साखरेचा साबण

आईचं लिव्हर गेलं तेव्हापासून तिला खाज सुटते. अंगभर. हातमोजे घातले तर दातांनी ओढून काढते आणि रक्त येईपर्यंत ओरबाडते. दुकानातला साबण लावला की किंचाळते.

"ओगी, घरचा साबण कर रे," म्हणाली. "मऊ. एकदा तरी नीट धू मला."

घरचा म्हणजे डुकराच्या चरबीचा. गेल्या थंडीतली एकच बरणी उरली होती. यंदा डुक्कर पाळलंच नाही, कोण बघणार? ही चरबी गेली की गेली.

पण नुसत्या चरबीचा साबण तिला सोसला नसता. मोबाईलवर एक बाई सांगत होती, पाण्याऐवजी बकरीचं दूध घ्या, फेसासाठी साखर. दुधात साखर विरघळवली, भांडं खिडकीबाहेर ठेवून गोठवलं, नाहीतर कॉस्टिक सोडा पडताच दूध करपतं. त्या बर्फावर कॉस्टिक थोडंथोडं टाकलं, मग चरबीत ओतून घोटलं. पांढरंशुभ्र, खिरीसारखं. लाकडी साच्यात ओतलं आणि आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. वर घोंगडी, घोंगडीवर बाबांचा मेंढीच्या कातड्याचा कोट. साबणाला थंडी बाधते, हे आमच्या गावात पोरंसोरंही सांगतील.

थोड्या वेळाने कोट हलला.

उचलला तर साच्यातून तपकिरी लगदा उकळ्या मारत वर येत होता. टेबलावरून जमिनीवर. अमोनियाचा भपका.

शेजारची ल्युबिंका काकू वासानेच धावत आली. "साबण केलास की बॉम्ब, गाढवा?"

मी व्हिडिओ परत लावला. शेवटी बाई म्हणत होती, दूध-साखरेचा साबण आपणच तापतो, पांघरूण घालू नका, गारठ्यात ठेवा. शेवट मी बघितलाच नव्हता.

"काकू, चरबी संपली. आता काय करू?"

"रडू नकोस. खरवड. कढईत घाल."

जमिनीवरचं सोडून सगळं खरवडलं. त्यातली लोकर बोटांनी वेचली. मंद आचेवर शिजवत बसलो आणि मधेमधे चिमूटभर गार करून जिभेला लावत राहिलो. चटका बसला की कॉस्टिक अजून जिवंत. बसला. परत बसला. ढवळ, चाख, थुंक. मग काहीच कळेना. जीभच सोलली होती.

"काकू, तू बघ ना."

"मी? माझे उरलेले दात मला प्रिय आहेत, बाबा."

आतून आई ओरडली, "इकडे आण!"

नेलं. तिने जीभ बाहेर काढली. मी खडा टेकवला. तिचे डोळे मिटलेले.

"बरा आहे," म्हणाली. "लाव."

"खरं सांग, आई. चटका नाही ना बसला?"

"लाव म्हटलं ना!"

तिने बाही वर केली. कोपरापर्यंत सगळं लाल, ओलं. मी कोमट पाण्यात साबण चोळला. फेस आला, भरपूर, दाट. तिची बोटं गादीत रुतली होती, अजून मी हात लावलाही नव्हता.