हाक न मारणारा माणूस

गाडीत गवत भरताना बैलानं त्याच्या पायावर पाय दिला आणि तसाच उभा राहिला. "जरा सरकतोस का?" त्यानं बैलाला हळूच विचारलं. बैलाला घाई नव्हती. बायको पलीकडच्या वाफ्यात भाजी खुडत होती, हाकेच्या अंतरावर. पण यानं हाक मारली नाही. बैलाचा खांदा खाजवत उभा राहिला.

चाळिशीला आला तरी गाव त्याला वासरू म्हणायचं. सात वर्षांचा असताना तो कोरड्या विहिरीत पडला होता. दुपारभर ओरडून घसा बसला, तेव्हा कुठं वर माणसं दिसली. ती हरवलेलं वासरू शोधत आली होती. बापानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "छे, आपलंच पोरगं आहे." सगळे पोट धरधरून हसले. पोरगं घरात नाही, हे तोवर कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यानंतर त्यानं कुणाला हाक मारली नाही. गोठा पेटला तेव्हा शेजाऱ्याच्या दारात जाऊन म्हणाला, "जेवण झालं की सवडीनं या." शेजारी सवडीनं आला. तोवर विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आताही बैल सरकल्यावर तो लंगडत मळ्यातल्या घरी आला, पायरीवर बसला आणि पायावर पोतं ओढून घेतलं. सहा वर्षांच्या लेकीनं रक्त पाहिलं. ती आत गेली आणि चुलीवरची पाण्याची तपेली घेऊन आली. तपेली ठेवली आणि हात पाठीमागं नेला.

"हात दाखव."

"काही नाही, बाबा."

त्यानं हात पुढं ओढला. तळहात लालबुंद, फोड धरू लागलेला.

"रडली का नाहीस गं?"

"तुम्ही तरी कुठं रडता?"

त्यानं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदा जे बाहेर पडलं, ते ऐकून कोंबड्या दाणे टिपायचं सोडून बघत राहिल्या.

"अगंऽ, धावत ये!"

बायको टोपली टाकून धावत आली. "कोण गेलं?"

"हिला भाजलंय."

आईला पाहताच पोरीनं गळा काढला. बायकोनं तिचा हात गार पाण्यात धरला. हुंदक्यांतून पोरगी म्हणाली, "बाबांचा पाय बघ."

"लहान आहे ती. काहीही बोलते," म्हणत त्यानं पोतं घट्ट धरलं.

बायकोनं ते ओढून काढलं. अंगठा काळानिळा, नख उपटलेलं. ती ओरडली नाही. शेजारी बसली.

"दुखतंय?"

त्यानं पोत्याकडे हात नेला आणि मागं घेतला. पोरगीही रडायची थांबली.

"दुखतंय," तो म्हणाला, आणि कुणी हसतंय का, ते बघायला त्यानं आजूबाजूला नजर फिरवली.