सरजा म्हणे

मारोतीचं गाणं चोरीला गेलं त्याला चाळीस वर्षं होत आली, पण सरजाबाईच्या पोटातली आग काही विझली नव्हती. घरात चोर शिरला तर भांडीकुंडी नेतो. ह्या चोरानं नवऱ्याची जीभच नेली, असं ती म्हणायची.

मारोतीची गायन पार्टी होती. एक पेटी, एक ढोलकी, त्याची स्वतःची खंजिरी आणि मागं झील धरायला चौघं. भीमजयंतीच्या महिन्यात जळकोट, उदगीर, मुखेड करत पार्टी फिरायची आणि पहाटे घरी यायची ती घसा बसवूनच. गायन पार्टीचा एक रिवाज असतो. गाणं संपताना शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव घालायचं. अमुक म्हणे, तमुक सांगे. ते नाव म्हणजे गाण्याचं गोंदण, घासून निघत नाही. पण मारोती पडला लाजरा. एका गाण्यात त्यानं नाव घातलं नाही आणि नेमकं तेच गाणं गाजलं. दुसऱ्या पार्टीनं उचललं, आपलं नाव चिकटवलं, कॅसेट काढली. पुढं मारोती ज्या लग्नाला जाई तिथं भोंग्यावर तेच वाजत असे, आणि तो पत्रावळीत मान घालून गपगुमान जेवत असे. सरजाबाई मात्र भोंग्याकडे बघून बोटं मोडायची.

“बिननावाचं गाणं म्हणजे उघड्यावर टाकलेलं पोर,” ती सांगायची. “ज्यानं उचललं त्याचं.”

असला मारोती मागच्या साली गेला. गेला तेही सुखानं नाही. वस्तीची स्मशानाला जायची वाट चेअरमननं तार ओढून बंद केली होती. चेअरमन कसल्या सोसायटीचा, हे आता कुणालाच आठवत नव्हतं; सोसायटी बुडाली, चेअरमन तरंगला. त्यानं वाटेवर प्लॉट पाडले होते. तिरडी तीन तास तारेपाशी उन्हात उभी राहिली. शेवटी खांदेकरी कमरेएवढ्या ओढ्यातून मारोतीला घेऊन गेले. वस्तीतल्या सुगत मास्तरनं त्यावर तहसीलला अर्ज दिला. आठ दिवसांत पांढऱ्या गाडीनं त्याची मोटारसायकल उडवली. कागदोपत्री अपघात. मास्तरच्या पायात आता सळई आहे, आणि अर्जाचं नाव काढलं की तो हवापाण्याच्या गोष्टी करतो.

त्या ओढ्यात तिरडीमागं सरजाबाईची नात चालत होती. धम्मप्रिया. बिनआईबापाची, सरजाबाईनंच वाढवलेली, नांदेडला कॉलेजात. ती रडली नाही. दोन महिन्यांनी मोबाईलवर एक गाणं फिरायला लागलं. डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेली एक पोरगी, मागं नुसता धडधड ताल, आणि तोंडानं गोफणीतून सुटल्यासारखे शब्द:

जित्याला दिली डांबरी, मेल्याला लावली तार,
सांग मालका, तुझ्या दारी उतरवू का भार?
आज्याचं मढं उन्हात, सातबारा सावलीत,
आमची वाट चिणून घेतली तुझ्या हवेलीत.

खाली नाव काय, तर ‘निनावी’.

आवाज ओळखायला सरजाबाईला अर्धी ओळसुद्धा लागली नाही. तिनं पोरीला बोलावून घेतलं.

“हे काय करून राहिलीस गं?”

“रॅप म्हणतेत याला, आज्जी.”

“भांडण हाय हे. नळावर आमी रोज करतो. तुमी फक्त तालावर करता.”

“तेच की!” धम्मप्रिया हसली.

“मग नाव कामून न्हाई घातलं?”

पोरीचं हसू गेलं. “सुगत मास्तरचा पाय बघितलास न्हवं? पाच जणांना माहीत हाय. तू सहावी. तुझ्या तोंडातून जाऊ नाही.”

सरजाबाईनं मारोतीची शपथ घेतली. आणि खरंच दहा महिने तोंड शिवून बसली. चेअरमनची माणसं निनावीचा तपास करत हॉटेलं पालथी घालत होती, तेव्हा ही दारात बसून शेंगा फोडत होती.

मग पुण्याहून ती दोघं आली.

एक दीपाली, एक प्रेम. दोघंही पंचविशीतली, गळ्यात कॅमेरे. ज्यांना ह्यातलं ओ की ठो कळत नाही त्यांना आपल्या मातीतल्या रॅपची ओळख करून द्यायची, असा त्यांचा कार्यक्रम होता. नांदेडात त्यांना वाट दाखवायला धम्मप्रियाच फिरली. नदीकाठी पोरं गोल करून उभी राहतात, एकजण तोंडानं ताल धरतो, बाकीचे पाळीपाळीनं एकमेकांना शब्दांनी सोलतात, ते तिनं दाखवलं. अर्धापूरचा आनंदराज दिवसा केळीचे घड उतरवतो आणि संध्याकाळी तेच खांदे उडवत रॅप करतो, त्याला भेटवलं. लातूरला नेलं, तिथं क्लासची पोरं डॉक्टरकीच्या परीक्षेवर असं काही गातात की ऐकून आईबापांनी माना खाली घालाव्यात. स्वतःबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. ती म्हणजे फक्त ओळखीची कॉलेजची मुलगी. आणि शेवटी म्हणाली, हे सगळं आभाळातून पडलं नाही. गावी माझी आजी आहे, तिच्याकडून गायन पार्टीचं ऐका.

फोनवर आजीला बजावलं, “फक्त आजोबांचं सांग. माझं काही न्हाई.”

“मला शिकवू नको,” सरजाबाई म्हणाली. “दुसरी पास हाय मी.”

पाहुणे आले, चहा झाला, कॅमेरा तिपाईवर बसला. सरजाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुरू झाली. पेटी सांगितली, खंजिरी दाखवली, चोरीला गेलेलं गाणं सांगताना तर दीपालीचे डोळे भरून आले. इथपर्यंत सगळं नीट होतं.

“आजी, निनावीचंही असंच झालंय बघा,” दीपाली म्हणाली.

“काय झालंय?”

“ते ‘डांबरी’वालं गाणं. मुंबईचा एक मुलगा म्हणतो, लिहिलंय त्यानंच. स्कार्फमधली मुलगी नुसती भाड्यानं आणलेली. उद्या त्याचं नवं रेकॉर्ड येतंय, त्याच्या नावानं.”

सरजाबाईच्या कानात तो जुना भोंगा वाजायला लागला. पत्रावळीत मान घातलेला मारोती दिसला. शपथ त्याचीच होती, पण आगही त्याचीच होती.

“कोण भाड्यानं आणलेली?” ती उसळली. “ते गाणं माझ्या नातीचं हाय! तुमाला नांदेडात फिरवून आणली ना, ती धम्मप्रिया, तिचं! लिहून घ्या. नाव लावा तिचं, मोठ्या अक्षरात लावा!”

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा चालूच होता.

“हे... हे काढून टाकताल न्हवं?” तिनं विचारलं.

“बघतो, आजी,” प्रेम म्हणाला.

पण कार्यक्रमाच्या जाहिरातीला काहीतरी चटकदार लागतंच. शुक्रवारी सकाळी मोबाईलवर सरजाबाईच फिरत होती. पदर सावरत, हात नाचवत, नातीचं नाव घेत. अख्ख्या तालुक्यानं बघितलं. तिनं दीपालीला फोन लावून शिव्यांचा पट्टा सोडला. पलीकडून पोरगी रडवेली होऊन एवढंच म्हणाली, “आजी, नाव लावा असं तुम्हीच म्हणालात ना.”

दुपारी भारत आला. चेअरमनचा उजवा हात. पांढरी गाडी त्यानं तारेपाशी लावली आणि चालत आला. असा मऊ बोलणारा माणूस सरजाबाईला कधी आवडला नव्हता.

“राम राम, माय.”

“जय भीम.”

तो उंबऱ्यावर टेकला. सुपातल्या चार शेंगा उचलून फोडायला लागला, घरच्यासारखा.

“मोबाईलवर बघितलं तुमाला. लई झ्याक बोलता. नात काय, नांदेडलाच का? पाण्याच्या टाकीपाशी खोली हाय म्हणं तिची. दोन नंबरची.”

सरजाबाईचे हात थांबले. खोलीचा नंबर तिलासुद्धा माहीत नव्हता.

“परवा मारोतीबाबाचं वरीस हाय न्हवं? येईलच की पोरगी. दहाची एस्टी धरती का बाराची?” त्यानं टरफलं नीट गोळा करून उंबऱ्याच्या कोपऱ्याला ठेवली. “कोणती का असंना. आमी फाट्यावर असतोच.”

तो गेल्यावर तिनं ती टरफलं झाडली नाहीत. तिथंच बसून बघत राहिली. मग नातीला फोन लावला.

“येऊ नको परवा.”

“आजोबाचं पहिल्या वर्साचं पुण्यानुमोदन हाय.”

“मी करते. तू येऊ नको.”

“किती दिवस येऊ नको, आज्जी? परीक्षेपतोर? का लग्नापतोर?” पोरीचा आवाज बारीक झाला. “आज सकाळधरनं खोलीसमोर दोघं उभे हायेत. मी तोंड बांधलं होतं ते कशासाठी गं?”

सरजाबाईनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती; सासूची नाही, नवऱ्याची नाही. आताही मागितली नाही. “जेव काहीतरी,” एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

पण त्या दिवशी तिच्या चुलीला जाळ लागला नाही. मोबाईल मांडीवर घेऊन ती ‘डांबरी’चं गाणं पुन्हा पुन्हा ऐकत बसली. मारोतीचं गाणं कसं चोरलं, कुठं जोड दिला, नाव कुठं खुपसलं, सगळं चाळीस वर्षं तिनं मनात उकरून ठेवलं होतं. चोरी कशी करतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? संध्याकाळी तिनं दीपालीला फोन केला. “उद्या मशीन घेऊन या. तुमी अर्धंच दाखवलंय.”

शनिवार जळकोटच्या बाजाराचा दिवस नव्हे, पण फाट्यावर गर्दी असते. एस्टीची वाट बघणारे, चहावाले, पेरूवाल्या बाया. पांढरी गाडी लिंबाखाली उभी होती आणि भारत बॉनेटला टेकला होता. सरजाबाई बरोबर त्याच्यासमोर, पाराच्या दगडावर जाऊन बसली. पदराआडून मारोतीची खंजिरी काढली. कॅमेरा लागला.

“आता आहे तसं लोकांत सोडा,” ती प्रेमला म्हणाली. “कापाकापी करशील तर बघ.”

आणि तिनं सुरू केलं. शब्द तेच, जित्याला डांबरी, मेल्याला तार, पण चाल गायन पार्टीची. खंजिरीवर तिची म्हातारी बोटं टणाटण उडत होती. पेरूवाल्या उठून जवळ आल्या. एस्टीतून उतरलेली माणसं थांबली. शेवटाला आल्यावर तिनं सूर वर नेला, भारतच्या डोळ्यांत बघितलं आणि ज्या जागी आजवर कुणाचंच नाव नव्हतं तिथं आपलं ठेवलं:

मारोतीची सरजा म्हणे, ऐका दुनिया सारी,
माझं मढं निघेल तर निघेल तुझ्याच दारी.

फाटा चिडीचूप. एका शेळीनं तेवढं खोकल्यासारखं केलं.

“हे गाणं माझं,” सरजाबाई कॅमेऱ्याला म्हणाली. “नातीला ओवीसुद्धा येत न्हाई. म्हातारीचं कोण ऐकतंय, म्हणून पोरीच्या नावावर खपवाय बघितलं. खोटं बोलले.”

भारत हळूहळू पुढं आला. “माय, आवाज तर पोरीचा हाय त्या गाण्यात.”

“मशीनमधून कसाबी निघतो. काय रे?”

प्रेमच्या कपाळावर घाम होता. त्यानं भारतकडे बघितलं, मग म्हातारीकडे. “हो,” तो म्हणाला. “आवाज बदलता येतो. मुलीचाही करता येतो.”

“आणि रचलं तुमी? तुमी?” भारतनं विचारलं.

“का? दुसरी शिकले मी. तुझी किती झाली?”

पेरूवाल्या फिसकन हसल्या. भारतही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. तो सरजाबाईला खालून वर बघत राहिला. गाईबैलाचं माप घेतात तसं. मग गाडीत बसून निघून गेला.

रविवारी दहाच्या एस्टीनं धम्मप्रिया उतरली. खोलीसमोरची ती दोन माणसं शनिवारी दुपारनंतर दिसली नव्हती. फाटाही मोकळा होता. तिनं मोबाईलवर सगळं बघितलं होतं. डोळे सुजलेले, तोंडावर स्कार्फ. घ्यायला आलेल्या सरजाबाईबरोबर ती वस्तीकडे चालायला लागली.

“माझं गाणं चोरलंस, आज्जी.”

“हाव.”

“आता मी कधी म्हणू शकणार न्हाई, माझं हाय म्हणून.”

“न्हाई,” सरजाबाई म्हणाली. “दुसरं कर. लई कर. त्यात तुझं नाव घाल. मी मेल्यावर घाल.”

पोरीनं आजीचा हात धरला.

दोघी वस्तीच्या वळणावर आल्या. तार तशीच ताठ होती. पुढं, बरोबर सरजाबाईच्या दारासमोर, पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू, तोंड घराकडे. काचा वर, आत कोण ते दिसत नव्हतं. आजूबाजूची सगळी दारं, दिवसाढवळ्या, लावलेली.

धम्मप्रियाची पावलं अडखळली. हात आपोआप स्कार्फ घट्ट करायला गेला.

“सोड ते,” सरजाबाई म्हणाली. “तोंड उघडं ठेव. तुझं आता काय हाय त्यात?”

तिनं नातीला मागं सारलं, डोक्यावरचा पदर ओढून घेतला, काखेतली खंजिरी हातात घेतली आणि गाडीच्या दिशेनं चालायला लागली.