घड्याळवाल्याच्या छातीवरची झोळी

मित्रांनो, मला कोणत्या नावाने हाक मारायची यावरून आमच्या घरात पहिल्याच दिवशी वाद झाला. खोक्यावर 'बेबी कॅरियर' असं छापलेलं होतं. आजीने मला दोन बोटांत धरून उचललं आणि म्हणाली, "पिशवीच की ही. यात बाळ घालायचं की बटाटे?" बाबाने मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "आपण झोळी म्हणू या." तेव्हापासून मी झोळी.

माझा जन्म एका शिलाईच्या कारखान्यात झाला. एका बाईने माझं जाड सुती कापड बेतलं, दुसरीने कंबरेच्या पट्ट्यात फोम भरला, तिसरीने खांद्याच्या पट्ट्यांवर पुन्हा पुन्हा शिवण मारली. शेवटी एका धिप्पाड बाईने मला दोन्ही हातांनी हिसके देऊन पाहिलं आणि पुटपुटली, "उसवू नकोस गं, कुणाचं तरी लेकरू असणार आहे." मला फार अभिमान वाटला. उसवायचं नाही, एवढंच आपलं काम, असं मी समजत होते.

बाळाच्या मामाने मला भेट म्हणून पाठवलं. खोक्यात मला कसं बांधायचं याची चित्रं असलेला कागद होता. तो खोक्याबरोबरच रद्दीत गेला. पट्टे बांधायला कागद कशाला हवा, असं बाबाला वाटलं.

बाळाला घरात सगळे गट्टू म्हणत. त्याचा बाबा घड्याळं दुरुस्त करायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान होतं, कपाटाएवढं. आणि गट्टूची आई... तिच्याबद्दल सांगताना मला अजून जड जातं. बाळ झाल्यापासून ती मिटून गेली होती. दूध पाजायची, दुपटी बदलायची, सगळं करायची, पण बाळाच्या तोंडाकडे बघायची नाही. खिडकीपाशी बसून राहायची. एकदा बाबाने विचारलं तेव्हा म्हणाली, "मला काहीच वाटत नाही रे. त्याला घेतलं की वाटतं, हातातून पडेल."

आजीला हे पटेना. "आम्हालाही पोरं झाली," ती म्हणायची. "असली थेरं आम्हाला परवडली नाहीत."

मग बाबानेच मला अंगावर चढवलं. सकाळी गट्टूला माझ्यात घालून तो दुकानात जायचा. बाळाचं डोकं त्याच्या छातीशी, हात दोन्ही मोकळे. रस्त्यावर त्याचं कौतुक व्हायला वेळ लागला नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून दाखवायच्या, "बघा, असा बाप शोधून सापडायचा नाही." समोरचा न्हावी म्हणायचा, "बाळाला आत्तापासूनच धंद्याला लावलंस की." बाबा हसायचा. मीसुद्धा मनातून फुलून जायचे. बाळाचा ऊबदार श्वास माझ्या कापडाला लागायचा आणि तिथे ओलसर ठिपका उमटायचा. तो ठिपका म्हणजे माझ्या कामाची पावती होती.

पण घड्याळाचं काम वाकून करावं लागतं. डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा आणि नाक जवळजवळ टेबलाला. मला घट्ट बांधलं की बाबाचे हात पुढे नीट पोचत नसत. म्हणून त्याने माझे पट्टे थोडे सैल केले. दुसऱ्या दिवशी आणखी थोडे. गट्टू माझ्या तळाशी घसरायला लागला, त्याची पाठ कमानीसारखी व्हायला लागली. बाबाला वाटायचं, किती छान गुडूप झोपतो.

त्या दिवशी आजी दात दाखवायला डॉक्टरांकडे गेली होती. बाबा निघताना दुधाची बाटली टेबलावरच विसरला. दुकानात एक गिऱ्हाईक घाईचं होतं. बाबा वाकला तो वाकलेलाच राहिला. गट्टूची हनुवटी त्याच्या छातीला टेकली, नाक माझ्या कापडात दबलं. तो रडला नाही. बाळं अशा वेळी रडत नाहीत, मित्रांनो. मला फक्त एवढंच जाणवलं की तो ओलसर ठिपका गार पडत चालला आहे. मला तोंड नाही. माझ्या शिवणी पक्क्या होत्या, एक टाका हलला नाही, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तेवढ्यात आई दारात आली. कित्येक दिवसांत ती घराबाहेर पडली नव्हती. अंगावर घरचेच कपडे, पायात दोन वेगवेगळ्या चपला, हातात बाटली.

"दूध विसरलास," ती म्हणाली.

"ठेव तिथे. झोपलाय तो," बाबा मान वर न करता म्हणाला.

तिने बाटली ठेवली नाही. "कधीपासून?"

"झाला बराच वेळ. गुणी आहे आज."

"सरळ हो."

"अगं, एक मिनिट, स्प्रिंग उडेल."

तिने त्याचा खांदा धरून त्याला मागे ढकललं. स्प्रिंग उडाली, चिमटा पडला. माझी वरची कड बाजूला सारून तिने गट्टूचा चेहरा पाहिला. त्याचे ओठ निळसर झाले होते. बाबा दगडासारखा उभा. ज्या हातांतून बाळ पडेल अशी तिला धास्ती होती, त्याच हातांनी तिने माझं पाठीवरचं बक्कल काढलं, बाळाला बाहेर ओढलं, मान सरळ धरली आणि त्याची पाठ, तळवे चोळायला लागली. "गट्टू. ए गट्टू. बघ ना माझ्याकडे." एक उचकी आली. मग एक बारीक, चिडका रडण्याचा आवाज. झेरॉक्सवाल्या बाईंनी रिक्षा थांबवली. मी बाबाच्या कमरेला तशीच लोंबकळत दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत." आजी धापा टाकत आली. सगळं ऐकल्यावर तिने सुनेकडेच पाहिलं. "आई असून तू सांभाळलं असतंस, तर त्याला दुकानात न्यायची वेळ आली असती का?"

 आईला ते खरंच वाटलं असावं. तेव्हा बाबा आजीला म्हणाला, फार हळू.

"आई, पट्टे मी सैल केले. वाकून मी बसलो होतो. मला कळलंसुद्धा नाही. हिने नुसतं बघितलं आणि हिला कळलं. आता हिला काही बोलू नकोस."

आजी बाकावर बसली. पदराने कपाळ पुसत राहिली.

डॉक्टरीणबाई मात्र आईकडे बघत होत्या, तिच्या त्या दोन वेगळ्या चपलांकडे. त्यांनी तिला आत बोलावलं. बऱ्याच वेळाने ती रडून बाहेर आली. बाळंतपणानंतर मनाचाही आजार होतो, त्याला औषध असतं, त्यात तिचा काही दोष नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

त्यानंतर मी कपाटावर गेले. बाबाने मला घडी न घालताच वर फेकलं होतं. माझ्यावर धूळ बसली, एका कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटला. बाबा खोलीत आला तरी वर बघायचा नाही. बाळाला घ्यायची पाळी आली की मांडी घालून, भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी घ्यायचा. आई औषध घेत होती, डॉक्टरीणबाईंकडे बोलायला जात होती. काही दिवस बरे जायचे, काही दिवस पुन्हा खिडकी.

अशाच एका सकाळी तिने स्टूल ओढलं आणि मला खाली काढलं. कोमट पाण्यात धुतलं, उन्हात वाळवलं, एकेक शिवण ओढून पाहिली. मग दवाखान्यातल्या नर्सने शिकवलं होतं तसं गट्टूला मांडलं: उंचावर, मान वाकवली की कपाळाची पापी घेता येईल इतका जवळ, हनुवटी छातीपासून सुटी, चेहरा पूर्ण दिसेल असा. सगळं जमलं, पण पाठीवरच्या बक्कलापर्यंत तिचे हात पोचेनात.

"जरा येतोस का?" तिने हाक मारली. "मागचं लावून दे."

बाबा दारातच थांबला. "मला नको सांगूस."

"माझा हात पोचत नाही."

"आईला सांग."

"मी तुला सांगतेय," ती म्हणाली.

तो आला. केसाएवढी स्प्रिंग बसवणाऱ्या त्या बोटांना एवढं मोठं बक्कल लावता येईना. दोनदा चुकलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, घाई केली नाही. तिसऱ्यांदा खट् असा आवाज आला. बाबाने माझा पट्टा ओढला आणि सैल नाही ना हे पाहिलं. मग पुढे येऊन बाळाच्या नाकाशी बोट धरून उभा राहिला. बराच वेळ.

"श्वास येतोय?" आईने विचारलं.

त्याने मान डोलावली.

मित्रांनो, आता माझा रंग विटला आहे, फोम दबला आहे. गट्टू माझ्यात मावत नाही. तुमच्या घरी माझी एखादी बहीण आली, तर तिच्यात बाळ ठेवून निर्धास्त होऊ नका. येताजाता त्याच्या तोंडाकडे बघा. आणि त्याला जन्म देऊन कुणी खिडकीपाशी गप्प बसली असेल, तर तिला नावं ठेवू नका, तिच्याजवळ जाऊन बसा. आम्ही फार तर बाळाचा भार पेलतो. तिचा भार पेलायला माणूसच लागतं.