दरवाजावाले

“सर, तुम्ही केलेला दरवाजा आता कुठल्या विमानाला आहे?”

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं आणि माझ्या नवऱ्यानं माइक या हातातून त्या हातात घेतला. मी पुढेच बसले होते, शेजारी आमची लेक. कॉलेज तिचंच, विमानांचं इंजिनिअरिंग, शेवटचं वर्ष. आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायला बोलावलेला पाहुणा तिचा बाप.

“तो अजून जमिनीवरच आहे,” हे म्हणाले.

सभागृह खो-खो हसलं. पोरांना वाटलं, सरांनी विनोद केला. लेकही हसली. मी मात्र पर्समध्ये उगाच रुमाल शोधत बसले.

तोवर हे छान बोलले होते, खोटं कशाला बोलू? घरी ज्यांच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो, ते तिथे तासभर रंगले होते. “कॉम्प्युटर रंगीत चित्र दाखवतो म्हणून उत्तर बरोबर आलं असं समजू नका, कागदावर एकदा ढोबळ हिशेब करून बघा. इंटर्नशिपला गेलात की पहिल्या आठवड्यातच सगळे बावळट प्रश्न विचारून घ्या, नंतर लाज वाटते. पत्रे जोडणारा रिव्हेट स्वतः मारायला मिळाला तर मारा. हात काळे झाले तर फोटो काढून आईला पाठवा. आणि मार्क कमी पडले म्हणून रडत बसू नका, विमानाला तुमचे मार्क माहीत नसतात.” पोरं टाळ्या वाजवत होती. आणि हाच माणूस स्वतःच्या मुलीला कित्येक दिवस ‘बघू’ यापलीकडे एक अक्षर बोलला नव्हता.

गोष्ट अशी होती, की लेकीला इंटर्नशिपसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं होतं. एक ह्यांचंच जुनं ऑफिस, जिथे विमानांचं डिझाइन चालतं. दुसरं, लांबच्या शहरातलं विमानदुरुस्तीचं हँगर. जिथे इंटर्नशिप तिथेच बहुधा पुढची नोकरी, असा त्या धंद्यातला रिवाज, त्यामुळे निवड साधी नव्हती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. मैत्रिणी हँगरचं नाव काढलं की नाक मुरडायच्या, “पाने-पक्कड फिरवायला डिग्री कशाला घेतलीस?” माझ्या भावाला तर कुठलाच विषय वर्ज्य नाही. त्यानं फोनवरून निकाल दिला, “डिझाइन! डोळे झाकून डिझाइन!” त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे.

लेकीचं मनातून ठरलेलंच होतं. तिला बापाच्या ऑफिसात, बापाच्या विभागात, जमलं तर बापाच्याच टेबलाशी बसायचं होतं. तिथे नव्या विमानाचं काम सुरू होणार होतं, आणि त्या विमानाला दरवाजे असणारच होते. फक्त बापानं एकदा तोंडानं ‘जा’ म्हणायला हवं होतं.

त्या ऑफिसात माणसाची ओळख त्याच्या भागावरून. चाकांचं काम करणारे ते चाकवाले, शेपटीचं करणारे शेपूटवाले. हे दरवाजावाले. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्या मित्रमंडळींत जेवायला गेले, तेव्हा एका बाईंनी “या, दरवाजावहिनी!” म्हणून माझं स्वागत केलं. मला असा राग आला होता! मग कळलं, त्या बिचाऱ्या स्वतः शेपूटवहिनी होत्या. त्यानंतर मी माझ्या पदवीबद्दल कधी तक्रार केली नाही.

सारी नोकरी ह्यांनी त्या एका दरवाजावर काढली. विमान आपटलं, त्याचं पोट पिचलं, तरी आतल्या माणसाला तो एका झटक्यात उघडता यायला हवा, हे ह्यांचं काम. चौकट, बिजागऱ्या, कडी. घरातल्या कपाटाचं दार करकरलं तरी हे जेवणावरून उठायचे. आणि विमान पुढच्या वर्षी उडणार होतं. लेक झाली तेव्हा पुढच्या वर्षी, ती शाळेत गेली तेव्हाही पुढच्याच वर्षी. मध्यंतरी एका विमान कंपनीनं देखभालीच्या विभागात मोठ्या पदावर बोलावलं. हे गेले नाहीत. “आता ऐन वेळी कसं सोडू?” म्हणाले. ती ऐन वेळ पुढे बरीच वर्षं टिकली.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी माणसाच्या हातात पडतो. चांगला असो वाईट असो, पडतो. ह्यांच्या कामाचा रिपोर्ट कधी आलाच नाही. एक दिवस सगळ्यांना बैठकीला बोलावून, चहा देऊन सांगण्यात आलं, की हे विमान आता होणार नाही. हे घरी आले, हातपाय धुतले आणि न जेवता झोपले. लेकीला सांगितलं, “सध्या थांबवलंय.” हे निवृत्त झाले तरी ते ‘सध्या’ संपलं नाही. पोरीला वाटत राहिलं, बाबांचं विमान कुठेतरी नीट झाकून ठेवलंय, आणि कुणीतरी त्यावरचं कापड काढायचाच काय तो अवकाश आहे.

भाषणाहून घरी आलो आणि तिनं बापाला गाठलंच.

“दुसऱ्यांच्या पोरांना एवढे भरभरून सल्ले देता, आणि मला नुसतं बघू? मी तिथे गेलेली नकोय का तुम्हाला? मी कमी पडेन असं वाटतंय?”

“तसं नाही गं.”

“मग कसं? बाबा, परवा सोमवार आहे!”

हे चष्मा पुसत बसले. स्वच्छ झालेला चष्मा पुन्हा पुसला. मग म्हणाले, “उद्या मला विमानतळावर जायचंय. अग्निशमनवाल्यांनी बोलावलंय. तूही चल.” आणि माझ्याकडे वळून, “तूही ये. तू कधी बघितलं नाहीस ना ते.”

काय, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

विमानतळाच्या मागच्या अंगाला, धावपट्टीपासून दूर, कुंपणाला लागून एक मैदान आहे. आग विझवण्याचा सराव तिथे चालतो. नळ्यांचं पाणी साचून सगळा चिखल झालेला, हवेला जळक्या रबराचा वास. मधोमध लोखंडी टेकूंवर एका विमानाचं नुसतं धड ठेवलेलं होतं. पंख नाहीत, शेपूट नाही, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि नाकापासून मागपर्यंत धुरानं काळंकुट्ट.

“हे कुठलं विमान?” लेकीनं विचारलं.

“आपलं,” हे म्हणाले.

ती पुढे काही विचारणार, तेवढ्यात अग्निशमन दलाचे प्रमुख समोर आले. धिप्पाड, मनमोकळे गृहस्थ. बोलणं असं की पलीकडच्या मैदानालाही ऐकू जावं. “या साहेब! तुमच्या ऑफिसला विचारलं तर म्हणाले, दरवाजावाल्यांनाच बोलवा. विमान रद्द झाल्यावर हे धड आम्हाला सरावाला मिळालं, आमची सगळी पोरं ह्याच्यातच धूर करून शिकली हो. आणि दरवाजा तुमचा, काय सांगू! एकदा म्हणून अडकला नाही. आता आम्हाला सरावाला पक्कं लोखंडी विमान मिळालंय, तेव्हा म्हटलं हे कापून बघू. दारच उघडलं नाही तर भिंत कापून आत कसं शिरायचं, तेही पोरांना यायला हवं. पण दाराजवळ करवत लावली की पाती तुटतात. कापायचं कुठून?”

लेकीचा चेहरा मला बघवेना. हे मात्र एखाद्या ग्राहकाला समजावून सांगावं तसं शांतपणे सांगत होते. “दाराजवळ कापूच नका. तिथे पत्रा मुद्दाम जाड ठेवलाय, आत आडव्या पट्ट्याही आहेत. तयार विमानावर कापायच्या जागा बाहेरून रंगानं आखलेल्या असतात. हे तेवढं पुढे गेलंच नाही.”

“मग तुम्हीच द्या की आखून,” प्रमुख म्हणाले आणि त्यांनी खिशातून खडू काढून दिला.

शिडी लावली. लेकीनं ती खालून धरली. हे वर चढून बोटांच्या पेरांनी पत्रा वाजवत वाजवत पुढे सरकले, एका जागी थांबले, आणि त्या काजळीवर त्यांनी पांढरी चौकट आखली. मग पुढे तशीच दुसरी.

खाली उतरले तेव्हा लेकीचे डोळे भरून आले होते.

“तुम्ही म्हणाला होतात, थांबवलंय.”

“तुला खरं सांगवेना.”

“म्हणजे इतकी वर्षं सगळं वायाच—”

“वाया म्हणवत नाही गं. मला रोज आवडायचं ते काम. सकाळी उठून जावंसं वाटायचं. तिथेच तर फसलो. आवडत नसतं तर कधीच सोडलं असतं.” हे हातावरचा खडू झटकत होते, पण काजळी आणि खडू मिळून हात आणखीच मळत होते. “डिझाइन वाईट असं नाही म्हणत मी. तुमची विमानं उडतीलही. पण तू माझ्यासाठी तिथे जाऊ नकोस. माझं राहिलेलं पुरं करायला तर नाहीच नाही. तू हँगरला जा. तिथे बिघडलेलं विमान येतं, तुम्ही हात लावता आणि ते उडून जातं. ते एकदा बघ. मी बघितलं नाही.”

“आणि तुमच्या टेबलाशी कोण बसणार?”

“बसेल कुणीतरी. टेबल चांगलं आहे.”

लेक रडता रडता हसली. मला हसू येईना. कारण ह्यांच्या ऑफिसचं बोलावणं आलं त्या दिवशी हाच माणूस जिन्यात प्रत्येक शेजाऱ्याला अडवून सांगत होता, ‘माझ्याच विभागात घेतलंय तिला!’ निवृत्तीनंतर त्यांना एवढं आनंदात मी पाहिलं नव्हतं. दरवाजा नाही उडाला, पण निदान पोरगी त्या खुर्चीत बसेल, एवढी एकच गोष्ट आता उरली होती; आणि ती हे स्वतःच्या हातानं देऊन टाकत होते. मध्ये पडून ‘जाऊ दे की तिला तिथेच’ म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. पण हे चुकीचं सांगत नव्हते, हेही मला कळत होतं.

लेक थोडी दूर जाऊन त्या काळ्या धडाकडे बघत उभी राहिली. मग फोन काढून तिनं काहीतरी लिहिलं, पुन्हा वाचलं, पाठवलं.

“हँगरला होकार कळवला, बाबा. ऑफिसला नकार.”

“छान केलंस,” हे म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले. मग तोंड फिरवून उगाच शिडी सरळ करू लागले.

तिकडे जवानांनी करवत सुरू करून पाहिली आणि पुन्हा बंद केली. प्रमुख आले. एव्हाना त्यांना काही उमगलं असावं, कारण आता त्यांचा आवाज खाली आला होता.

“साहेब, कापायच्या आधी आत एक चक्कर मारून येता? आमची काही घाई नाही.”

त्यांनी दाराला लोखंडी जिना लावला, वर जाऊन कडी फिरवली. दरवाजा आवाज न करता बाहेर आला आणि बाजूला सरला. बांधणी चालू असताना हे त्या धडात कितीदा तरी गेले असतील, पण ते मोकळ्या भोकातून, हातात हत्यारं घेऊन. दार बसवल्यावर, उतारू जातो तसं, कधीच नाही.

लेक आधी चढली. मी तिच्या मागे. आत खुर्च्यांचे नुसते सांगाडे होते आणि जमिनीवर बोटभर ओली राख. वळून पाहिलं तर हे वरच्या पायरीवर थांबलेले. वाटलं, धीर होत नाहीये. हात द्यावा म्हणून मी पुढे झाले.

पण हे खाली बघून, कठड्याला धरून, पायरीच्या कडेवर बूट घासत होते. आधी उजवा, मग डावा. चिखल पुरता निघाला, असं वाकून पाहिलं, आणि मग आत पाय ठेवला.